आठ डब्यांची लोकल: मुंबई मॅरेथॉनच्या ड्रीम रनमध्ये मित्रमंडळींसोबत वेश करून उतरायचं असेल तर

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की आमच्या ग्रुपवर एक प्रश्न फिरायला लागतो: "यंदा काय व्हायचं?" आम्ही आठजण डोंबिवलीतल्या एकाच शाळेतले, आता चाळिशी ओलांडलेले. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. तिच्यातल्या ड्रीम रनमध्ये, म्हणजे हौशी लोकांच्या सहाएक किलोमीटरच्या दौडीत, आम्ही तीनदा वेश करून उतरलो. पहिल्या वर्षी लोकल ट्रेन, दुसऱ्या वर्षी संक्रांत आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा लोकल. पुन्हा लोकलच, कारण पहिल्या वर्षी ती अर्ध्यात मोडली होती.

कशी मोडली ते सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच शिकलोय. बांबूच्या कामट्यांचा एक लांबलचक सांगाडा, वर रंगवलेला पुठ्ठा आणि आत आठही जण एकामागे एक. सोसायटीच्या आवारात ती इतकी देखणी दिसत होती की शेजारपाजारचे फोटो काढायला खाली उतरले. रस्त्यावर मात्र पुढच्याने गर्दी बघून वळायला घेतलं, ते मागच्याला कळलं नाही आणि मधली कामटी चर्चगेटच्या अलीकडे कडकन मोडली. तिचं टोक आमच्यातल्या एकीच्या दंडाला लागलं. जखम मोठी नव्हती, पण रक्त आलं. उरलेलं अंतर आम्ही ट्रेन डोक्यावर धरून चाललो आणि कुणालाच मजा आली नाही. तेव्हापासून कुठलीही कल्पना निघाली की पहिला प्रश्न ठरलेला: हे घालून सहा किलोमीटर चालता येईल का? दिसतं कसं, ते नंतर.

कुठल्या गटात नाव घालायचं

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. करोनामुळे २०२१ आणि २०२२ ही दोन वर्षं झाली नाही, एरवी दर वर्षी असते. पूर्ण मॅरेथॉन, अर्धमॅरेथॉन, दहा किलोमीटर, ज्येष्ठ नागरिकांची दौड, दिव्यांगांची दौड असे गट त्यात आहेत. वेश करून मित्रांसोबत उतरायचं असेल तर ड्रीम रन. साधारण ५.९ किलोमीटरची ही दौड सीएसएमटीपासून सुटते आणि दक्षिण मुंबईतच फिरते. मरीन ड्राइव्हचा तुकडा वाट्याला येतो, आणि त्यासाठीच अर्धी माणसं येतात. वेळेची नोंद होत नाही. त्यामुळे पळा, चाला, नाचत जा, कुणी मोजत नाही.

अर्धमॅरेथॉन किंवा दहा किलोमीटर वेश करून करणारे असतात, आणि साडी नेसून लांब अंतर धावणाऱ्या बायकाही आहेत. पण ती नियमित धावणाऱ्यांची गोष्ट. पहिल्यांदा वेश करणाऱ्याने तो हट्ट धरू नये.

नोंदणीकडे ऑगस्टपासूनच लक्ष ठेवा. ड्रीम रनच्या जागा लवकर भरतात आणि बऱ्याच जागा स्वयंसेवी संस्था आणि कंपन्यांच्या गटांतून जातात. या मॅरेथॉनची एक मोठी बाजू म्हणजे निधी उभारणी. ते काम युनायटेड वे मुंबईमार्फत चालतं आणि शेकडो संस्था त्यात असतात. तुमच्या ओळखीच्या एखाद्या संस्थेमार्फत गेलात तर जागाही मिळते आणि वेशाला विषयही मिळतो. आम्ही दुसऱ्या वर्षी असेच गेलो. आठही जणांनी एकाच बैठकीत, एकाच वेळी नावं घाला. "मी उद्या भरतो" म्हणणारा राहून जातो आणि मग डब्यांची संख्या बदलते. लहान मुलांना न्यायचं असेल तर वयाची अट आधी वाचा. मुलांचे कपडे शिवून झाल्यावर ती वाचण्यात अर्थ नाही.

माणसं

सहा ते दहा ही बरी संख्या. चारजण गर्दीत विरघळून जातात आणि बाराजणांना एकत्र ठेवायचं म्हणजे लग्नाचं वऱ्हाड सांभाळणं. कोण कोण येणार हे पक्कं झालं की तिघांना कामं वाटून द्या: एकजण पैसे आणि नोंदणी बघेल, एकजण शिवण-कापणीचं बघेल आणि एकजण चालायच्या सरावाला सगळ्यांना घराबाहेर काढेल. तिसरं काम सगळ्यात अवघड. ते गटातल्या सगळ्यात प्रेमळ पण चिवट माणसाकडे द्यावं.

कुणाचा गुडघा दुखतो, कुणाला दम्याचा त्रास आहे, कुणाची रक्तदाबाची गोळी चालू आहे, हे याच बैठकीत मोकळेपणाने बोलून घ्या. हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरायचं नाही. सगळ्यांची सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही असं म्हणतात. दमाचंही आणता येत नाही.

काय व्हायचं

सोंग घेणं आपल्याला नवं नाही. शिमग्याला कोकणात सोंगं निघतात, दशावतारात रात्र-रात्र जागते, गावात बहुरूपी यायचा. बहुरूप्याला कधी समजावून सांगावं लागत नसे की तो कोण आहे. दारात उभा राहिला की कळायचं. तीच कसोटी इथे लावा. वीस पावलांवरून, चालता चालता, बघणाऱ्याला क्षणात ओळखू आलं पाहिजे. छातीवर पाटी लावून समजवावं लागत असेल तर कल्पना बदला.

दुसरी कसोटी: आठातला एक मागे राहिला, तर तो एकटाही कुणीतरी दिसतो का? संक्रांतीच्या वर्षी आमच्यातली कुणीही एकटी चालत असली तरी काळी चंद्रकळा आणि पांढरे दागिने बघून लोक "तिळगूळ घ्या!" ओरडायचे. याउलट आठजणांनी मिळून आठ अक्षरांचा एक शब्द व्हायचं ठरवलंत आणि एक अक्षर शौचालयाच्या रांगेत अडकलं, तर शब्दाचं काय होईल?

ही धाव संक्रांतीच्या दिवशी किंवा त्यानंतर आठवडाभरात येते. त्यामुळे त्या अंगाने खूप सुचतं. फक्त पतंग होताना जपा. मोठा सपाट पृष्ठभाग पाठीवर बांधून मरीन ड्राइव्हवर आलात की वारा आपल्याला धरतो. व्हायचंच असेल तर हाताच्या लांबीपेक्षा लहान पतंग करा आणि त्याला भोकं पाडा.

काही गोष्टी ठामपणे टाळा. पोलीस किंवा लष्कराचा खरा वाटेल असा गणवेश नको. सरकारी सेवकाचा वेश फसवण्याच्या हेतूने घालणं गुन्हा आहे, आणि हेतू नसला तरी बंदोबस्तावरच्या माणसाला ऐन गर्दीत संभ्रमात टाकू नये. खऱ्यासारखं दिसणारं शस्त्र नको. तिरंग्याचं कापड अंगावर शिवू नका. कपड्यावर राष्ट्रध्वज छापणं किंवा भरणं, किंवा तो कमरेखालच्या पोशाखात वापरणं, हा १९७१च्या कायद्याने ध्वजाचा अपमान ठरतो. ध्वज हवाच तर हातात, मानाने. देवादिकांचे आणि महाराजांचे वेश करायचे असतील तर ते सहा किलोमीटर सांभाळायची तयारी हवी. त्या वेशात घामाघूम होऊन फुटपाथवर बसकण मारणं कुणालाच बरं दिसत नाही. कुठल्या समाजाची किंवा अपंगत्वाची नक्कल करून हसू मिळवायचं असेल, तर तो वेश आमच्या गटात नको असं आम्ही पहिल्याच वर्षी लिहून ठेवलं. फलक नेणार असाल तर आयोजकांचे त्या वर्षीचे नियम वाचून, राजकारण आणि जाहिरात दोन्ही बाजूला ठेवून मजकूर ठरवा. सहा शब्दांपेक्षा मोठा फलक कुणी वाचत नाही.

डबा कसा केला

तिसऱ्या वर्षीची लोकल हे माझं आवडतं काम, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

या वेळी सांगाडा एक नव्हता, डबे आठ. प्रत्येकाचा डबा स्वतंत्र. साहित्य सहा मिलिमीटर जाडीचा फोम, लहान मुलांच्या खोलीत जमिनीवर अंथरतात त्या जातीचा. पुठ्ठ्यापेक्षा महाग पडतो, पण घामाने आणि दवाने भिजत नाही, कोपरा कुणाला लागला तरी दुखत नाही आणि गर्दीत दबला तरी पुन्हा उभा राहतो. थर्माकोल मनातही आणू नका. तुटला की त्याचे दाणे सगळ्या रस्त्याला पसरतात, आणि सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८पासून बंदी आहे.

डब्याला पुढची आणि मागची अशा दोन पाट्या आणि दोन अरुंद बाजू. रुंदी खांद्यांएवढीच, म्हणजे आमच्यात ४२ ते ४८ सेंटिमीटर. कोपरं बाहेर मोकळी हवीत, कारण चालताना हात हलले नाहीत तर मान आणि खांदे भरून येतात. खालची कड मांडीच्या मध्यावर थांबते. पहिल्या नमुन्यात ती गुडघ्यापर्यंत होती आणि प्रत्येक पावलाला गुडघा आतून फोमवर आपटायचा: ठप, ठप, ठप. दहा मिनिटांत वीट आला. चार बोटं कापली आणि आवाज थांबला.

खांद्याला पट्टे मुलांच्या जुन्या दप्तरांचे. हे सुचलं ते फार बरं झालं. दप्तराच्या पट्ट्याला आधीच गादी असते, लांबी कमी-जास्त करायची कडी असते आणि तो कितीही ओझं सोसायला सरावलेला असतो. पट्टा फोमला नुसता चिकटवू नका, उपटून येतो. फोमच्या आतल्या बाजूला जाड कॅनव्हासचा तळहाताएवढा तुकडा चिकटवा, मग पट्टा, फोम आणि कॅनव्हास यांतून सुतळीचे चार टाके घ्या. चिकटवायला चपलांच्या कामाचा पिवळा गोंद लागतो. तो उघड्या गॅलरीत वापरा, घरात डोकं चढतं. एका बाजूची शिवण मोकळी ठेवून तिथे वेल्क्रो लावला, म्हणजे डबा डोक्यातून न घालता जॅकेटसारखा घालता आणि काढता येतो. शौचालयाच्या दारात ही सोय किती मोलाची ठरते ते तिथे गेल्यावरच कळतं.

रंग पांढरा-जांभळा, खिडक्यांना काळं कापड. फर्स्ट क्लासच्या डब्याला लाल-पिवळे तिरपे पट्टे. ते बघूनच लोकांनी सगळ्यात जास्त हाका मारल्या, कारण मुंबईकराची नजर फलाटावर त्याच पट्ट्यांवर असते. छातीवर बिबच्या, म्हणजे धावणाऱ्याच्या नंबराच्या पट्टीच्या, मापाची चौकट कोरी सोडली. बिब झाकला जाता कामा नये, म्हणून नक्षी त्याच्याभोवती काढायची, त्याच्यावर नाही. एका डब्याचं वजन सव्वा किलो भरलं. दीड किलोच्या वर गेला असता तर आम्ही काहीतरी कापून टाकलं असतं. खर्च माणशी साडेचारशे रुपयांच्या आसपास आला, दप्तरं घरची.

डबे एकमेकांना जोडायला सॅटिनची फीत, हातभर लांब, दोन्ही टोकांना बोटभर वेल्क्रो. ओढ बसली की फीत सुटलीच पाहिजे. माणसांना जोडणारी कुठलीही गोष्ट हिसक्याने सुटणारी हवी. दोरी, साखळी, गाठ काही चालणार नाही.

जोडून धावायची हौस जगभर आहे. सॅन फ्रान्सिस्कोत १९१२पासून बे टू ब्रेकर्स नावाची १२ किलोमीटरची धाव होते, तीही वेशांसाठीच प्रसिद्ध. तिथे तेराजण एकमेकांना जोडून 'सेंटिपीड', म्हणजे गोम, होऊन धावतात, आणि त्यांची चक्क शर्यत लागते. बे एरियात राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सांगायला नको. कुणी नव्याने उतरणार असेल तर एवढंच लक्षात असू द्या की मे महिना असला तरी तिथली सकाळ धुक्याची आणि गारठ्याची असते, आणि मधे हेज स्ट्रीटचा चढ आहे. मुंबईत वेशाखाली कमीत कमी कपडे घालायचे, तिथे एक गरम थर वाढवायचा.

नऊवारी नेसून

दुसऱ्या वर्षी आम्ही चौघी काळ्या नऊवारीत होतो आणि चौघे मित्र काळे कुर्ते आणि फेट्यात. खरं सांगते, चालायला-पळायला नऊवारीसारखा सोयीचा वेश नाही. काष्टा असल्यामुळे पाय दोन्हीकडे मोकळे. शेतात, माळावर, चढावर बायकांनी हीच नेसून आयुष्य काढलं.

तरी चार गोष्टी. साडी सुती घ्या, काठ बारीक. जरीचा रुंद काठ पोटरीला घासून लाल वळ उठवतो. उंची घोट्याच्या चार बोटं वर, म्हणजे बुटात अडकत नाही. आत सायकलिंगची चड्डी, मांड्या घासत नाहीत. पदर पाठीवरून पुढे घेऊन कमरेला घट्ट खोचा आणि आतून दोन सेफ्टी पिना. नेसलेली नऊवारी सुंदर दिसते, पण वाटेत शौचालयाला जायची वेळ आली तर पुन्हा नेसायला आडोसा नसतो. म्हणून आम्ही शिवलेल्या नऊवाऱ्या घातल्या, कमरेला इलास्टिक.

हलव्याचे दागिने खऱ्या हलव्याचे करायचा मोह आम्हाला झाला होता. आमच्यातल्या एकीच्या आईने नुसतं बघून सांगितलं, "अगं, घाम लागला की पाघळतील, आणि मुंग्या लागतील ते वेगळंच." तिचं ऐकलं. बारीक पांढरे मणी आणि सोनेरी कागद वापरून तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा केले. लांबून हलवाच वाटायचा. नथ मात्र चापाची असो वा टोचायची, धावताना काढून ठेवा. तोंडाने श्वास घ्यायला लागलो की ती ओठांवर आपटत राहते.

फेटा मित्रांनी आदल्या दिवशी बांधून घेतला आणि सकाळी तसाच डोक्यावर चढवला. आयत्या फेट्याच्या आत जाड फोम असतो, डोकं उकडतं. सुती कापडाचा हाताने बांधलेला बरा, आणि तोही इतका सैल की कपाळ आणि फेटा यांत एक बोट जाईल.

चेहरा, पाय, कातडी

पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा नको. श्वास कोंडतो, बाजूचं दिसत नाही आणि दमलेल्याचा चेहरा कसा झालाय ते मित्रांना कळत नाही. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. रंग लावायचा असेल तर पाण्याने निघणारा, आणि तो एक दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहिलेला. डोळ्यांच्या वर रंग नको, घामाबरोबर आत उतरतो.

पायात नेहमीचे, वापरून मऊ झालेले बूट. कोल्हापुरी, मोजडी किंवा अनवाणी असलं काही नाही. वेशाला शोभत नसतील तर बुटांवर त्याच रंगाच्या कापडाची टोपी शिवा, तळवा उघडा ठेवून. काखेत, मांडीला आणि पट्टा लागतो तिथे व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल. जानेवारीत पहाट गार असते, पण नऊनंतर ऊन चांगलंच चढतं.

सराव आणि रंगीत तालीम

५.९ किलोमीटर ताशी साडेचारच्या चालीने गेलं तर ऐंशी मिनिटं लागतात. गर्दी आणि फोटो धरून दीड तास. त्याआधी सुटायची वाट बघत तास-दीड तास उभं राहावं लागतं, हा हिशेब लोक विसरतात. म्हणजे एकूण तीन तास पायांवर. रोज अर्धा तास चालणाऱ्याला हे जड नाही. न चालणाऱ्याने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून दिवसाआड चालावं: दोन किलोमीटरपासून सुरुवात, आठवड्याला एकेक वाढवत पाचपर्यंत, आणि शेवटचा आठवडा हलका.

तालीम दहा दिवस आधी, पूर्ण वेशात. आम्ही भागशाळा मैदानावर भल्या सकाळी केली. तीन किलोमीटर चाललो, जिना चढलो-उतरलो, उकिडवे बसलो, बुटाची नाडी बांधून पाहिली, पाणी प्यायलो, वेश एका मिनिटात काढून परत घातला. जे घासलं, टोचलं, सुटलं ते तिथेच खडूने खुणावलं. आठातल्या पाच डब्यांना दुरुस्ती निघाली. आदल्या दिवशी तालीम केली असती तर त्या दुरुस्त्यांना रात्र पुरली नसती.

बिब, शनिवार, पहाट

बिब धावेच्या दिवशी मिळत नाही. आधीच्या दिवसांत बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) भरणाऱ्या प्रदर्शनातून ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. शनिवारवर ढकलू नका, रांगा मोठ्या असतात. आपला बिब दुसऱ्याला देऊ नका. वाटेत काही झालं तर वैद्यकीय पथक त्या नंबरावरूनच माणूस ओळखतं. बिबच्या मागे रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर लिहा.

शनिवारी सगळे वेश एका घरी गोळा करा. एका पिशवीत सुई-दोरा, पंधरा-वीस सेफ्टी पिना, रुंद चिकटपट्टी, वेल्क्रोचा एक जादा तुकडा, बँडेड, एक सुती टॉवेल. प्रत्येकाने मोठी बॅग आणू नका. ड्रीम रनला सामान ठेवायची सोय असेल असं गृहीत धरायचं नाही. मोबाइल, पास आणि थोडे पैसे मावतील एवढा कमरेचा पट्टा पुरतो. जेवण साधं: वरण-भात, तूप, लिंबू.

मॅरेथॉनच्या पहाटे मध्य आणि पश्चिम रेल्वे जादा लोकल सोडतात. वेळापत्रक दोन-तीन दिवस आधी जाहीर होतं, ते बघून ठेवा. मेट्रो ३चंही आता सीएसएमटी आणि चर्चगेटला स्थानक आहे. गाडीने जाऊ नका, रस्ते बंद असतात. डबे घालून ट्रेनमध्ये चढू नका, एकावर एक रचून सुतळीने बांधा आणि मालडब्यातून न्या. आम्ही तेच केलं. मालडब्यात भाजीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या एका मावशींनी गठ्ठा बघून विचारलं, "ही कुठली गाडी?" आमच्यातला एक म्हणाला, "डोंबिवली फास्ट." मावशींनी टोपली सरकवून गठ्ठ्याला कोपरा दिला.

खायचं ट्रेनमध्येच: एक केळं, एक राजगिऱ्याचा लाडू. पाणी घोट-घोट. भेटायची जागा आणि वेळ लेखी ठरलेली हवी, कारण गर्दीत फोन लागेलच असं नाही. आम्ही सीएसएमटीच्या मोठ्या इंडिकेटरखाली भेटतो. शौचालय स्टेशनवरच आटपा. मगच वेश चढवा, एकमेकांचे वेल्क्रो तपासा आणि रांगेत जा.

रस्त्यावर

आमचा सगळ्यात चांगला निर्णय हा: सगळ्यात हळू चालणाऱ्याला मोटरमन केलं. तो पुढे, त्याची चाल तीच सगळ्यांची चाल. गुडघ्याचा त्रास असलेला आमचा मित्र आधी दोन्ही वर्षं मागे पडत होता आणि दर चौकात "तुम्ही व्हा पुढे" म्हणत होता. तिसऱ्या वर्षी तो पहिला होता आणि त्याला ते वाक्य बोलायची वेळच आली नाही. सगळ्यात मागे गार्ड, म्हणजे मी. माझ्याकडे देवघरातली छोटी घंटा. लोकलची खरी खूण असते तीच आम्ही वापरली: दोन टोल म्हणजे सुट, एक म्हणजे थांब. ढोल-ताशाच्या गजरातही तो बारीक किणकिणाट आठव्या डब्यापासून पहिल्यापर्यंत पोचत होता. गार्डने दर वळणावर डोकी मोजायची. आठ झाले की दोन टोल.

थांबायचं तर आधी कडेला यायचं, मग थांबायचं. मागून येणाऱ्याला तुमचा ब्रेक दिसत नाही. फोटो मागणाऱ्या प्रत्येकासाठी थांबलात तर दीड तासाचे तीन होतात, म्हणून आम्ही चालता चालता हात हलवायचो आणि फक्त लहान मुलांसाठी थांबायचो. पाण्याच्या ठिकाणी एकाने सगळ्यांसाठी पाणी घ्यायचं, बाटल्या कचऱ्याच्या डब्यातच टाकायच्या. तिळगूळ वाटायचा मोह होतो, पण कागद रस्त्यावर पडतात. द्यायचाच तर हातावर, सुटा.

कुणाला गरगरलं, मळमळलं, घाम येता येता एकदम थांबला किंवा बोलणं तुटक झालं, की वेश तिथेच काढायचा, सावलीत बसवायचं, स्वयंसेवकाला हाक मारायची. अशा वेळी एकाला त्याच्याजवळ सोडून पुढे जायचं नाही, सगळी गाडी थांबवायची. दुसऱ्या वर्षी आमच्यातल्या एकीला अशीच चक्कर आली. पाणी, मीठ-साखर आणि दहा मिनिटं सावली यावर निभावलं. काळं सुती असलं तरी काळंच, ऊन ओढतं. पुन्हा संक्रांत केली तर पाठ पांढऱ्या कापडाची करू.

शेवटच्या दोनशे मीटरला फिती पुन्हा जोडा. तोवर दोन-तीन सुटलेल्या असतातच. आम्ही कडेला थांबून जोडल्या, मी दोन टोल दिले आणि लोकल अख्खी आत आली.

परत आल्यावर

संपल्या संपल्या बसू नका, दहा मिनिटं हळू चाला. ओला बनियन बदला. वेशातलं पडलेलं, फाटलेलं सगळं गोळा करून आपल्याच पिशवीत न्या. आमच्या फर्स्ट क्लासचा एक पिवळा पट्टा हुतात्मा चौकात गळाला होता, तो एका स्वयंसेवक मुलाने जपून हातात धरून ठेवला होता.

घरी आल्यावर फोम ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा, उन्हात तो वाकतो. वेल्क्रोतले धागे जुन्या टूथब्रशने काढा. नऊवाऱ्या त्याच दिवशी गार पाण्यातून काढा, घामाचे पांढरे डाग काळ्यावर बसले की जात नाहीत. डबे आडवे, एकावर एक, पलंगाखाली. प्रत्येक डब्याच्या आतल्या बाजूला मालकाचं नाव, पट्टा कितव्या कडीवर होता आणि कुठे घासलं, हे मार्करने लिहा. माझ्यावर लिहिलंय: गार्ड, तिसरी कडी, उजव्या काखेत एक बोट कापणे.